परदेशी विद्या : तिचा खर्च आणि तिचे ऋण

विद्येसाठी घर सोडणे ही आपल्या देशात नवी गोष्ट नव्हे. पूर्वी शास्त्रे शिकावयास लोक पैठणास व काशीस जात. आज औशाचा मुलगा लातुरास, लातूरचा पुण्यास, आणि पुण्याचा इंग्लंड, जर्मनी वा अमेरिकेस जातो. आमच्या विद्यालयातील वरच्या वर्गांतील मुले-मुली व त्यांचे पालक आम्हांस हल्ली वारंवार एक प्रश्न विचारतात : "परदेशी शिकावयास किती पैसा लागतो?" प्रश्न योग्य आहे, परंतु अपुरा आहे. त्यास आणखी तीन प्रश्न जोडल्यावाचून तो पुरा होत नाही. तो पैसा कोणाचा? त्याबरोबर अट कोणती? आणि ज्याच्यासाठी तो खर्चावयाचा, तो विद्यार्थी त्याचे सार्थक करण्यास तयार आहे काय? या तीन प्रश्नांचा विचार वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रभू येशूच्या एका दृष्टांतातील मनुष्य बुरूज बांधावयास निघाला असता आधी खाली बसून खर्चाचा अंदाज करतो. न केल्यास पाया घालून काम अर्धवट टाकावे लागेल व येणारे-जाणारे हसतील, हे त्यास ठाऊक असते. औशाच्या मुलांस बुरूज म्हणजे काय हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. किल्ल्याचे बुरूज ती रोजच पाहतात. परदेशगमनाचा बुरूजही असाच आधी बसून मोजावयाचा असतो. आपल्या महाराष्ट्रात ज्यांनी तो बांधला, त्यांनी तो कसा बांधला हे प्रथम पाहू.

डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचे नाव प्रत्येक मुलीस ठाऊक आहे. त्यांच्या प्रवासाच्या पैशाची हकिकत मात्र थोड्यांस ठाऊक असते. त्यांचे पती गोपाळराव यांनी पत्नीच्या शिक्षणासाठी साहाय्य मिळावे म्हणून रेव्हरंड वाइल्डर नामक अमेरिकन मिशनऱ्यास पत्र लिहिले. वाइल्डरसाहेबांच्या मनात साहाय्याबरोबर धर्मांतराची अपेक्षा होती. जोशी दांपत्यास ती मान्य नव्हती. तो पत्रव्यवहार अमेरिकेतील एका मिशनरी नियतकालिकात छापला गेला, आणि न्यू जर्सीतील रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंच्या वाचनात तो आला. या बाईंनी कोणतीही अट न घालता आनंदीबाईंशी मैत्रीचा पत्रव्यवहार सुरू केला व पुढे त्यांस आपल्या घरी मुलीप्रमाणे ठेवून घेतले. आम्ही स्वतः ख्रिस्ती आहोत, तथापि हे स्पष्टपणे लिहितो की, या प्रसंगात ख्रिस्ताच्या शिकवणुकीस अधिक शोभले ते कार्पेंटरबाईंचे वर्तन होय. साहाय्य करणाऱ्याने साहाय्याच्या बदल्यात मनुष्याचे अंतःकरण मागू नये. आणि साहाय्य घेणाऱ्याने ते विकू नये.

प्रवासखर्चासाठी आनंदीबाईंनी आपले दागिने विकले. १८८३ च्या फेब्रुवारीत त्यांनी श्रीरामपूर येथील महाविद्यालयात भाषण करून आपण अमेरिकेस का जातो हे सांगितले, तेव्हा काही लोकांनीही हातभार लावला. हे श्रीरामपूर आपल्या नगर जिल्ह्यातील नव्हे, बंगालमधील. एप्रिल १८८३ मध्ये अठरा वर्षांची ही मुलगी कलकत्त्याहून पतीवाचून निघाली. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रमुख रेचल बॉडली यांनी तिला प्रवेश दिला, आणि ११ मार्च १८८६ रोजी तिला वैद्यकीची पदवी मिळाली. कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जागाही तिच्यासाठी ठरली होती. परंतु २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, क्षयाने तिचा पुण्यात अंत झाला. परदेशातील थंडी, सोसेल असा आहार न मिळणे आणि अविश्रांत श्रम यांनी तिची प्रकृती तेथेच खचली होती. दागिन्यांचा, वर्गणीचा व मैत्रीचा हिशेब जुळला. प्रकृतीचा जुळला नाही. पालकहो, खर्चाचा अंदाज करताना प्रकृतीचे खाते कोरे ठेवू नये, हा धडा या चरित्रातून घ्यावयाचा आहे.

त्याच वर्षी, १८८३ मध्ये, पंडिता रमाबाई आपल्या लहानग्या मनोरमेस घेऊन इंग्लंडास गेल्या. त्यांच्यामागे संस्थानिक नव्हता, पती निवर्तला होता. 'स्त्रीधर्मनीति' हे आपले पुस्तक विकून त्यांनी प्रवासाचा पैसा उभा केला. वैद्यक शिकावे हा त्यांचा बेत होता. पण ऐकू कमी येऊ लागल्याने तो सोडावा लागला. बेत मोडला म्हणून त्या हताश होऊन परतल्या नाहीत. चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या महाविद्यालयात त्या स्वतः शिकल्या, आणि तेथेच संस्कृत शिकवीतही असत. १८८६ मध्ये आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या, तेथे ठिकठिकाणी व्याख्याने दिली, आणि १८८९ मध्ये मुंबईस परत येऊन शारदासदन काढले. जो विषय शिकावयास गेलो तो साधला नाही, तरी ज्या कार्यासाठी गेलो ते कार्य दुसऱ्या वाटेने साधता येते, हे रमाबाईंनी दाखविले. परदेशी गेलेल्या कित्येक विद्यार्थ्यांस पहिल्याच वर्षी विषय बदलण्याचा प्रसंग येतो. त्यांनी हे उदाहरण मनात बाळगावे.

तिसरे चरित्र डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर यांचे. १९१३ मध्ये बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांस तीन वर्षांकरिता दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. ती दान नव्हती. शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करीन, असा करार त्यांस लिहून द्यावा लागला होता. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ते राहिले, १९१५ मध्ये एम. ए. झाले, आणि त्या तुटपुंज्या रकमेतूनही ते घरी पैसे पाठवीत. १९१६ मध्ये ते लंडनास गेले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. कराराप्रमाणे ते बडोद्यास रुजू झाले. तेथे अस्पृश्य म्हणून त्यांस राहावयास घर मिळेना, कचेरीत सन्मान मिळेना, आणि नोकरी सोडणे भाग पडले. करारास दोन बाजू असतात. पैसा घेणाऱ्याने वचन पाळावे हे खरे. पण ज्या समाजाच्या सेवेसाठी त्यास शिकविले त्या समाजाने त्यास उभे राहावयास जागा द्यावी, हेही तितकेच खरे.

पुढे मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसा साठविला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी दीड हजार रुपये दिले. नवल भथेना या पारशी मित्राकडून पाच हजार रुपये कर्जाऊ घेतले. आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनास गेले. तेथे अर्धपोटी राहून ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात ते सकाळपासून दार बंद होईपर्यंत बसत. १९२३ मध्ये त्यांस डी. एस्सी. ही पदवी मिळाली. संस्थानची शिष्यवृत्ती, स्वतःची बचत, राजाची देणगी व मित्राचे कर्ज अशा चार वाटांनी तो पैसा आला, आणि मध्यंतरी तीन वर्षे थांबावे लागले. एका थैलीने, एका दमात, फारच थोड्यांचे काम होते. थांबणे म्हणजे हरणे नव्हे.

हे ऋण कोठे फिटले? मराठवाड्यात. आपला प्रांत १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि उच्च शिक्षणासाठी येथील मुलांस बहुधा हैदराबादेची वाट धरावी लागे. १९५० मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. बडोद्याच्या पौंडांचे व्याज असे आपल्या मुलांच्या पदरी पडले.

निजामाच्या राज्यातही शिष्यवृत्त्या होत्या. हैदराबादच्या सरोजिनी चट्टोपाध्याय, म्हणजे पुढे सरोजिनी नायडू, १८९५ मध्ये सोळाव्या वर्षी निजामाच्या शिष्यवृत्तीवर इंग्लंडास शिकावयास गेल्या होत्या. मुंबईत जमशेटजी टाटा यांनी १८९२ मध्ये निधी स्थापून निराळीच रीत घातली : विद्यार्थ्यास उसना पैसा द्यावा, त्याने मिळवता झाल्यावर तो फेडावा, आणि त्यातून पुढील विद्यार्थ्यास द्यावा. त्या निधीच्या पहिल्या विद्यार्थ्यांत डॉक्टर कृष्णाबाई केळवकर ही महाराष्ट्रकन्या होती. कोल्हापुरात जन्मलेले ज्योतिर्विद जयंत नारळीकर हेही १९५७ मध्ये केंब्रिजास गेले ते टाटांच्या शिष्यवृत्तीचा आधार घेऊन. आपण फेडलेला रुपया म्हणजे अनोळखी धाकट्या भावंडाची फी होय, हा विचार आम्हांस फार मोलाचा वाटतो.

आता आजच्या वाटा पाहू. भारत सरकारची राष्ट्रीय समुद्रपार शिष्यवृत्ती अनुसूचित जाती, भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागीर यांच्या मुलांस एम. ए., एम. एस्सी. यांसारख्या पदव्युत्तर व पीएच. डी.च्या शिक्षणासाठी मिळते. महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. अन्य समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी इतर खात्यांच्याही योजना आहेत. इंग्लंडची चेव्हनिंग व राष्ट्रकुल शिष्यवृत्ती, अमेरिकेची फुलब्राइट-नेहरू, जर्मनीची डाड ही नावेही मुलांनी ध्यानात ठेवावीत. यांपैकी बहुतेक शिष्यवृत्त्या पदवीनंतरच्या शिक्षणासाठी असतात. म्हणून बारावी होताच परदेशाची घाई न करता पदवी येथेच चांगल्या गुणांनी घ्यावी, हा आमचा स्पष्ट सल्ला आहे. अमेरिकेत विज्ञानात पीएच. डी. करणाऱ्यांस पुष्कळदा फी माफ होऊन अध्यापन वा संशोधन-साहाय्याबद्दल वेतनही मिळते; जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाममात्र असते. मात्र तेथेही जेवणाखाण्याचा एका वर्षाचा खर्च आधी दाखवावा लागतो. २०२४ च्या सप्टेंबरपासून ती रक्कम ११,९०४ युरो ठरविण्यात आली. नियम व रकमा वारंवार बदलतात, म्हणून अर्ज करण्याच्या वर्षी त्या त्या सरकारी कचेरीचे मूळ पत्रक वाचावे. सांगोवांगीवर विसंबू नये.

शिष्यवृत्ती न मिळाल्यास बँकेचे कर्ज. सर्वसाधारणपणे साडेसात लाख रुपयांपुढील शैक्षणिक कर्जास घर, जमीन अथवा ठेव यांचे तारण द्यावे लागते, आणि परदेशी शिक्षणात काही हिस्सा घरचाही घालावा लागतो. येथे पालकांनी एक हिशेब कागदावर मांडावा. समजा, वीस लाख रुपये दहा टक्के व्याजाने एकदम उचलले. दोन वर्षांचे शिक्षण व त्यानंतर एक वर्षाची सवलत, अशा तीन वर्षांत साधे व्याज धरले तरी सहा लाख चढतात. आता सव्वीस लाख दहा वर्षांत फेडावयाचे, तर दरमहा सुमारे चौतीस हजार रुपयांचा हप्ता बसतो, आणि एकंदर भरणा एक्केचाळीस लाखांवर जातो. मुलास तेथे नोकरी न लाभता परतावे लागले, तर हा हप्ता येथल्या पगारातून निघेल काय? याचे उत्तर 'नाही' असे येत असेल, तर त्या तारणातील जमीन ही मुलाच्या भाग्यावर लावलेली पैज होय. ज्या जिराईत रानातील सोयाबीन व तुरीवर घर चालते, ते रान पैजेस लावू नये. एक वर्ष थांबून पुन्हा शिष्यवृत्तीचा अर्ज करणे, हे रान विकण्यापेक्षा केव्हाही शहाणपणाचे.

आणखी एक गोष्ट. कर्ज रुपयांत असते, खर्च डॉलरांत वा पौंडांत. १९२० मध्ये सरकारने रुपयाचा भाव दोन शिलिंग ठरविला होता. १९२१ मध्ये तो दीड शिलिंगाच्याही खाली उतरला. ज्यांचा पैसा रुपयांत होता, त्यांचे पौंड घरी बसल्या आटले. बाबासाहेबांच्या डी. एस्सी.च्या प्रबंधाचा विषय रुपयाचाच प्रश्न होता, हा योग लक्षात ठेवण्याजोगा आहे. म्हणून अंदाजपत्रकात दहावा हिस्सा भाव घसरण्यासाठी राखून ठेवावा. आणि जो दलाल 'प्रवेश हमखास, नोकरी हमखास' असे सांगून आगाऊ पैसे मागतो, त्यास नमस्कार करून घराचा दरवाजा दाखवावा. प्रवेश विद्यापीठ देते, परवाना त्या देशाचे सरकार देते, नोकरी मालक देतो. तिन्ही ज्याच्या हाती नाहीत त्याने कसली हमी द्यावी?

पैशाची व्यवस्था झाली म्हणजे अर्धेच काम झाले. विद्यार्थी मित्रहो, उरलेले अर्धे तुमचे आहे.

पहिली अडचण भाषेची. तुम्ही इंग्रजी वाचता. पण भराभर बोललेले इंग्रजी ऐकून टिपणे घेणे हे निराळे कसब आहे. पहिले काही आठवडे निम्मे व्याख्यान डोक्यावरून जाईल. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. व्याख्यानाआधी नेमलेला पाठ वाचून जावे, म्हणजे ओळखीचे शब्द कानांस सापडतात. तेथे प्राध्यापकास वर्गात प्रश्न विचारणे उद्धटपणा समजत नाहीत. न विचारणाऱ्यास काही समजलेच नाही असे मानतात. आपल्या मुलांस गुरुजींपुढे गप्प बसण्याची सवय असते. आदर मनात ठेवावा, तोंड मात्र उघडावे.

दुसरी गोष्ट लिखाणाची. पुस्तकातील उतारा पाठ करून उत्तरात जसाच्या तसा लिहिला, तर आपल्याकडे कित्येकदा शाबासकी मिळते. तेथे दुसऱ्याचे वाक्य त्याचे नाव न देता आपले म्हणून लिहिणे ही चोरी मानली जाते व त्यासाठी विद्यार्थ्यास काढूनही टाकतात. तेव्हा आपल्या शब्दांत लिहिण्याची सवय आजपासून, या विद्यालयातील निबंधाच्या वहीतच करावी.

तिसरी गोष्ट दिनचर्येची. स्वयंपाक, कपडे धुणे, खोली झाडणे, पैशाचा जमाखर्च ही कामे तेथे स्वतःच करावी लागतात. ज्या मुलास आईने कधी भाकरी थापावयास बसविले नाही, तो परदेशी पहिल्या महिन्यात ज्ञानापेक्षा भुकेचा विचार अधिक करतो. पालकहो, मुलींबरोबर मुलांसही चुलीजवळ बसवा. फावल्या वेळी काम करून पैसा मिळविता येतो, पण त्यास मर्यादा आहे : अमेरिकेत शिक्षण चालू असता विद्यापीठाच्या आवारात आठवड्यास वीस तासांपर्यंतच काम करता येते. त्या मिळकतीवर फी भागेल अशा आशेने कोणीही निघू नये. हातखर्चास आधार झाला तरी पुष्कळ.

चौथी गोष्ट मनाची. हिवाळ्यात तेथे दुपारी चारच्या सुमारास अंधार पडतो. इंग्लंडात रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा औशात अडीच वाजलेले असतात, आणि घरची माणसे झोपलेली असतात. त्या वेळी वाटणारे एकटेपण हा दुबळेपणा नव्हे. आनंदीबाईंस कार्पेंटरबाई होत्या, रमाबाईंस वाँटेजच्या भगिनी होत्या, बाबासाहेबांस नवल भथेना होते. परक्या देशात एक तरी माणूस आपले करावे. मंदिर, मशीद, विहार वा देवालय, जेथे ज्याचे मन शांत होते तेथे त्याने जात राहावे. आणि प्रकृती बिघडल्यास पैशाच्या भीतीने वैद्याकडे जाणे टाळू नये. आजाराचा विमा निघण्यापूर्वीच समजून घ्यावा. घरी मात्र खरे सांगावे. 'मजेत आहे' एवढेच सांगणारा मुलगा आईस फसवीत नाही, स्वतःस फसवितो.

या सर्वांचा सराव करावयास परदेशी जावे लागत नाही. लातूरच्या वसतिगृहात, पुण्याच्या खोलीत जो मुलगा आपला जमाखर्च लिहितो, आपले जेवण आपण रांधतो, न समजलेले धिटाईने विचारतो आणि घरी खरे सांगतो, त्याचा परदेश तेथेच सुरू झालेला असतो. जो हे येथे करीत नाही, त्यास विमानाचे तिकीट काही शिकवीत नाही.

शेवटी, ज्यांस जावयास मिळणार नाही त्यांस दोन शब्द. परदेशी न गेल्याने कोणी लहान होत नाही. विद्या मोठी ठरते ती किती समुद्र ओलांडले यावरून नव्हे, तर ती कोणाच्या उपयोगी पडली यावरून. आणि ज्यांस जावयास मिळेल, त्यांनी निघण्यापूर्वी एका वहीच्या पहिल्या पानावर आपल्या शिक्षणास ज्यांचा ज्यांचा हात लागला त्यांची नावे लिहावीत : आई-बापांची, शिक्षकांची, जामीन राहिलेल्या चुलत्याची, आणि ज्यांच्या करातून शिष्यवृत्ती निघते त्या अनोळखी जनांसाठी एक ओळ. ती वही बरोबर न्यावी, परत आणावी, आणि एकेका नावापुढे काय फेडले ते लिहीत जावे.